मनगटातील अस्थिबंधांची अस्थिरता आणि गतिमान सोनोग्राफी : एक परिचय

प्रस्तावना :
तळहात टेकून पडल्यावर मनगट दुखू लागते, क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसत नाही आणि ‘मनगट मुरगळले आहे’ असे सांगून रुग्णाला घरी पाठविले जाते. बहुतेक वेळा हे निदान योग्यच असते. तथापि, काही रुग्णांत हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटलेला असतो व स्थिर चित्रात तो दोष उमटत नाही. प्रस्तुत लेखात या दोषाचे स्वरूप आणि त्याच्या निदानातील गतिमान सोनोग्राफीचे स्थान यांचा विचार केला आहे.

दोषाचे स्वरूप :
मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत असतात. अग्रबाहूलगतच्या ओळीतील नौकाकृती स्कॅफॉइड व चंद्रकोरीसारखे ल्युनेट ही शेजारील हाडे विशेष महत्त्वाची आहेत. त्यांना जोडणाऱ्या अस्थिबंधाचे तीन भाग असून हाताच्या पाठीकडील भाग सर्वांत बळकट असतो. अग्रबाहूतील स्नायूंचे कंडरे या दोन हाडांना जोडलेले नसतात. भोवतालच्या हाडांच्या दाबाने ती फिरतात. त्यामुळे त्यांची एकत्रित हालचाल मुख्यतः अस्थिबंधांवर अवलंबून असते. हा बंध पूर्णपणे तुटल्यास स्कॅफॉइड तळहाताकडे झुकते, तर ल्युनेट विरुद्ध दिशेस कलते. कालांतराने सांध्याची झीज होऊ शकते. या झिजेचा क्रम वॉटसन व बॅलेट यांनी 1984 मध्ये मांडला.

स्थिर चित्राची मर्यादा :
क्ष-किरण चित्रात या दोन हाडांतील अंतर 3 मिलिमीटरपेक्षा अधिक आढळल्यास दुखापतीचा संशय घेतला जातो. परंतु बंध अंशतः तुटला असेल, तर विश्रांत अवस्थेत हे अंतर प्राकृत दिसते आणि मूठ आवळल्यावर किंवा मनगट वळविल्यावरच वाढते. यासच गतिमान अस्थिरता म्हणतात. नेहमीची एमआरआय तपासणीही हात निश्चल ठेवूनच केली जाते. दोष हालचालीत असेल, तर हालचाल पाहणेच क्रमप्राप्त ठरते.

तपासणीची पद्धत :
रुग्णाचा हात तळवा खाली करून टेबलावर ठेवतात. उच्च कंप्रतेचा, सामान्यतः 12 मेगाहर्ट्झ वा त्याहून अधिक क्षमतेचा प्रोब मनगटाच्या पाठीवर आडवा धरला जातो. रेडियस हाडावरील लिस्टरचा उंचवटा ही खूण शोधून प्रोब बोटांच्या दिशेने सरकविला असता दोन्ही हाडांचे पृष्ठभाग तेजस्वी रेषांप्रमाणे व त्यांमधील बंध तंतुमय पट्ट्याप्रमाणे दिसतो. त्यानंतर रुग्णास मनगट करंगळीकडे व अंगठ्याकडे वळविण्यास आणि मूठ घट्ट आवळण्यास सांगून अंतरातील बदल पडद्यावर प्रत्यक्ष पाहिला व मोजला जातो. दुसऱ्या मनगटाचीही अशीच तपासणी करणे आवश्यक असते. कारण काही व्यक्तींचे अस्थिबंध निसर्गतःच सैल असतात.

लाभ व मर्यादा :
या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, खर्च तुलनेने कमी आहे व दुखऱ्या बिंदूवरच प्रोब ठेवता येतो. मात्र श्राव्यातीत ध्वनी हाडापलीकडे पाहू देत नाही. त्यामुळे बंधाचा मधला भाग नीट दिसत नाही व तळहाताकडील भाग पाहणे अवघड जाते. प्रोब किंचित तिरका झाल्यास निरोगी तंतूही काळपट दिसून फसगत होऊ शकते. निष्कर्ष तपासनीसाच्या कौशल्यावर अवलंबून असतो. म्हणून सोनोग्राफी प्राकृत आली, तरी दुखापत नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. संशय कायम राहिल्यास एमआरआय किंवा दुर्बिणीद्वारे सांध्याची तपासणी करावी लागते.

निष्कर्ष :
ताज्या दुखापतीत तुटलेला बंध शिवणे शक्य असते. विलंब झाल्यास त्याची टोके आक्रसतात व उपचार अवघड होतात. त्यामुळे पडल्यानंतर वेदना टिकून राहिली, पकड दुबळी झाली किंवा मनगटात खटका जाणवू लागला, तर केवळ पहिल्या क्ष-किरण चित्रावर विसंबून राहू नये. गतिमान सोनोग्राफी हा अंतिम निर्णय नव्हे. परंतु पुढील तपासणी कोणाला तातडीने हवी, हे ओळखण्याचे ते सुलभ साधन आहे.