पाठ टेकली नाही, मग हरला कसा?

जत्रेतल्या हगाम्यात मोठी कुस्ती सुरू होण्याआधी पंचांच्या टेबलामागे बोलणी होतात. ती प्रेक्षकांच्या कानावर कधीच जात नाहीत. दोन्ही बाजूंचे वस्ताद, यात्रा कमिटीचे दोघे-तिघे आणि पंच उभ्या उभ्या ठरवतात की इतकी मिनिटं निकाली, म्हणजे पाठ टेकेपर्यंत, लढवायची आणि निकाल लागला नाही तर गुणांवर सोडवायची. बाहेर हलगी कडाडत असते. मी माईक धरून तिथंच असतो.

पाटोदा तालुक्यातल्या एका हगाम्यात शेवटच्या कुस्तीला असंच ठरलं. बराच वेळ नुसती खडाखडी चालली. पंचांनी दोघांना मधे घेऊन गुणांवर कुस्ती लावली आणि काही सेकंदांत एकानं मागे जाऊन ताबा घेतला. पंचांनी त्याचा हात वर केला अन् फड पेटला. मातीची ढेकळं आत येऊ लागली. एक म्हातारे पैलवान, कान मोडलेले, थेट टेबलापाशी आले. म्हणाले, "पाठ टेकली का त्याची? मग हरला कसा?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर ज्या एका गोष्टीवर नजर ठेवून कुस्ती पाहिली, तीच कोणी काढून घेतल्यासारखं त्यांना झालं होतं.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत हीच आग राज्यभर दिसली. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं बाहेरची टांग मारली, त्याला चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. नियमानुसार गुण मिळायला खांदे टेकावे लागत नाहीत. उभ्यानं टाकलेल्या डावात पाठ धोक्याच्या कोनात वळली, तरी चार गुण मिळतात. सिकंदरची पाठ तशी वळली होती का, यावर आमच्याकडे पारावर आठवडाभर मोबाइल फिरत होते.

प्रेक्षकांना काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत 2005 नंतर दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या आल्या. फेरी कोरी राहिली तर पिशवीतून चेंडू काढून पाय धरायची संधी कोणाला, ते ठरायचं. मेहनत पैलवानाची आणि निकाल चिठ्ठीसारखा! लोक वैतागले, ते योग्यच होतं. फेब्रुवारी 2013 मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघ हलला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्र गुण आले. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. याच नव्या नियमांत आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम कुस्ती 15-7 अशी मारली. ती पाहताना गुणांना कोणी नावं ठेवली नाहीत, कारण प्रत्येक गुण पडद्यावर दिसत होता.

त्या हगाम्यानंतर आम्ही एक पद्धत घातली. जोड हातात हात देण्याआधी हलगी थांबवायची, किती मिनिटं निकाली आणि पुढे काय, हे माईकवरून दोनदा सांगायचं. पुढच्या वर्षी गुणांवरचाच निकाल लागला. लोक चिडले नाहीत असं नाही, पण ढेकूळ एकही आलं नाही.

यात्रा कमिट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. इनामाचा आकडा जेवढ्या मोठ्यानं पुकारता, तेवढ्याच मोठ्यानं कुस्तीची अटही पुकारा. आणि मैदानाकडेला गुणांचा एक फळा उभा करा.