४४१४०१ आणि हिरवी खूण

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. कन्हानचा पिन ४४१४०१. समजा, पिन दिला की तिथली टपाल कार्यालयं सांगणारी एक रेस्ट सेवा जावात लिहिली आहे. तिच्या एका मेथडची युनिट टेस्ट लिहायची.

‘सर्व्हर चालू करायचा, पोस्टमन या टूलमधून रिक्वेस्ट मारायची, २०० आला की झालं!’ बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. ही तपासणी कामाची आहे, पण ती युनिट टेस्ट नव्हे. युनिट टेस्ट सर्व्हरच्या वाटेला जात नाही. ती मेथड थेट बोलावते आणि डेटाबेसच्या जागी मॉक, म्हणजे ठरवून दिलेली उत्तरं देणारा तोतया, बसवते. नेट गेलं तरी तिचं काही अडत नाही.

मग मॉक म्हणजे स्वतःचीच फसवणूक, असंही ऐकू येतं. तसं नाही. इथे डेटाबेसची परीक्षा नसतेच, आपल्या मेथडच्या निर्णयाची असते: पिन सापडला तर २००, नाही तर ४०४, पाचच अंक आले तर ४००. यूआरएलची जोडणी आणि जेसन मात्र यात तपासले जात नाहीत. त्यांच्यासाठी इंटिग्रेशन टेस्ट वेगळी लिहावीच लागते.

सगळ्यात चिवट समज कव्हरेजचा. १०० टक्के कव्हरेज म्हणजे प्रत्येक ओळ एकदा तरी चालली, एवढंच. ती बरोबर चालली की नाही, हे असर्ट सांगतं. आणि असर्ट नसलेली टेस्टही कव्हरेज वाढवते.

आता कुणी मराठी कीबोर्डवरून ‘४४१४०१’ टाकला. जावाचं कॅरेक्टर-इजडिजिट देवनागरी अंकांनाही अंकच मानतं, त्यामुळे ‘सहा अंक आहेत का’ ही चाळणी पार. पण टेबलात पिन इंग्रजी अंकांत, मजकूर म्हणून साठवलेला. तुलना जुळत नाही, उत्तर ४०४. कन्हान गायब! ओळी सगळ्या चाललेल्या, टेस्ट पास झाल्याची खूण हिरवी, कोड चुकीचा. उपायही जावातच आहे: इंटिजर-पार्सइंट देवनागरी अंक वाचतं. आधी संख्या करून घ्या, तिचा पुन्हा मजकूर करा, मग शोधा.

नव्या मेथडला आज एकच टेस्ट लिहायला वेळ असेल, तर ही मराठी अंकांची लिहा.