‘सत्तावीस’ की ‘वीस सात’? भाषेमुळे आकडेमोड बदलते का?

सांगलीत विश्रामबागला भाजीवाल्याने ‘सत्तावीस रुपये’ म्हटलं, की कानावर आधी सात येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ७. लहान मुलं २७ चे ७२ करतात, त्यामागे हेही एक कारण. शेजारच्या कन्नडमध्ये हाच आकडा ‘इप्पत्तेळु’, म्हणजे आधी वीस, मग सात.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत आणली आणि गदारोळ झाला. विषय विधिमंडळात गाजला. जोडाक्षरांची संख्यानामं मुलांना अवघड जातात, अशी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू होती. जुनी नावंही पुस्तकात होतीच, हे भांडणात मागे पडलं.

चिनीत २७ ला ‘दोन दहा सात’ म्हणतात. तिथली मुलं दहाच्या पुढची मोजणी अमेरिकी मुलांपेक्षा लवकर शिकतात, असं संशोधनात दिसलं आहे. अर्थात शाळा आणि सराव यांचाही त्यात वाटा असतो.

मराठीत खरी गोची ‘एकोण’ची. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. आकडा म्हणतानाच वजाबाकी! हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि ९९ ला अचानक ‘नव्याण्णव’. घरातल्या चिमुरड्याने ‘एकोणशंभर’ म्हटलं तर हसू नका, नियम त्याने बरोबर पकडलाय.