सकाळी आखडणारे सांधे आणि दिल्लीतले काही पक्के समज

सकाळी उठल्यावर गुडघे, बोटे किंवा कंबर आखडलेली असणे हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. त्यातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे हे आखडलेपण किती वेळ टिकते. सांध्यांच्या झिजेत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, घरात चार फेऱ्या झाल्या, चहा झाला की अंग मोकळे होते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारख्या दाहाच्या आजारात मात्र तास उलटून गेला तरी मूठ नीट वळत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ साली ऱ्हुमॅटॉइडचे निकष ठरवले, तेव्हा किमान एक तास टिकणारे सकाळचे आखडणे हा यादीतला पहिला निकष होता. २०१० च्या सुधारित निकषांतून तो गेला, तरी डॉक्टर हा प्रश्न विचारायचे थांबलेले नाहीत. त्यावर ‘सकाळभर दुखतं’ एवढेच उत्तर मिळाले तर फारसा उपयोग होत नाही. आठवडाभर घड्याळ पाहून मिनिटे लिहून नेली, तर कित्येकदा एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा जास्त कळते.

सकाळच का, याला दोन कारणे आहेत. रात्रभर सांधा हलत नाही, त्यामुळे त्यातले वंगणासारखे द्रव सगळीकडे फिरत नाही आणि आसपासचे स्नायू ताठरतात. झिजेच्या गुडघ्याला हे दिवसाही जाणवते. तासभर मेट्रोत बसून आलेला माणूस राजीव चौकला उठताना पहिली दोन पावले लंगडतो, ते याचमुळे. दाहाच्या आजारात शरीराचे घड्याळ त्यात भर घालते. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि दाह वाढवणारी रसायने पहाटे चढतात.

‘वय झालं, हे चालायचंच’ हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा समज. झीज वयाबरोबर वाढते हे खरे, पण म्हातारपणातले प्रत्येक आखडणे झिजेचे नसते. दिल्लीजवळच्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत एम्सच्या ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइडचे प्रमाण सुमारे पाऊण टक्का होते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये अरविंद चोप्रा यांनी केलेल्या पाहणीत ते अर्धा टक्का निघाले. टक्केवारी लहान दिसते, पण राजधानी क्षेत्राच्या लोकसंख्येवर ती लावली की संख्या लाखांत जाते. हा आजार साठीनंतर नव्यानेही सुरू होतो. औषध वेळेवर सुरू झाले तर सांध्यांची मोडतोड बरीच टळते. वर्षभर ‘वय झालं’ म्हणत काढले की झालेले नुकसान भरून येत नाही.

पन्नाशीनंतरच होणारा आणखी एक आजार म्हणजे पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. यात दोन्ही खांदे आणि कमरेचा घेर सकाळी पाऊण तासाहून अधिक जखडलेला असतो, केस विंचरायला हात वर जात नाही, रक्तातला ईएसआर बहुधा वाढलेला असतो आणि स्टेरॉइडच्या अल्प मात्रेने काही दिवसांत मोठा फरक पडतो. अशा रुग्णाला नव्याने डोके दुखू लागले, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते. दिल्लीत तिसरा संशयित चिकुनगुनिया. २०१६ च्या पावसाळ्यात शहरात त्याची मोठी साथ आली होती. ताप चार-आठ दिवसांत उतरतो, सांधे मात्र महिनोन्महिने धरून राहू शकतात, म्हणून गेल्या पावसाळ्यातला ताप डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

तपासण्यांविषयीचे गैरसमज ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याच्या उलट टोकाचे. रक्तात ‘आरए फॅक्टर’ सापडला की ऱ्हुमॅटॉइड झालाच, असे कुटुंबे धरून चालतात. तो काही निरोगी वृद्धांच्या रक्तातही सापडतो आणि आजार असलेल्या काहींच्या रक्तात सापडत नाही. एक्स-रेचेही तसेच. चित्रात गुडघा पार झिजलेला दिसणारे काही जण आरामात जिना चढतात, तर किरकोळ झिजेचे काही जण कण्हतात.

थंडीबद्दलचा समज अर्धा खरा आहे. जानेवारीत दिल्लीचे किमान तापमान सरासरी सात-आठ अंशांवर येते, घरे आतून गरम ठेवण्याची सोय नसते आणि संगमरवरी किंवा टाइल्सची फरशी पायाला झोंबते. पहाडगंज-करोलबागेतल्या जुन्या मराठी घरांत, तसेच मुलांकडे नोएडा-गुरुग्रामला राहायला आलेल्या आजी-आजोबांत, ‘इथल्या थंडीने गुडघे गेले’ ही तक्रार ठरलेली. पण थंडीने कूर्चा झिजत नाही. झिजेचे गुडघे दमट, उबदार कोकणातही मुबलक आहेत. हवा आणि दुखणे यांचा संबंध मोजताना संशोधकांचीही तारांबळ उडाली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत वृद्धांच्या एक कोटीहून अधिक दवाखान्याच्या भेटींची नोंद तपासली, तर पावसाच्या दिवसांत सांधेदुखीचे रुग्ण वाढल्याचे दिसले नाही. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी अडीच हजारांवर लोकांकडून मोबाइलवर रोजच्या दुखण्याच्या नोंदी घेतल्या. त्यात दमट हवा आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणे थोडे वाढलेले दिसले, तापमानाचा स्वतंत्र परिणाम मात्र स्पष्ट नव्हता. थंडीत दुखते हे खोटे नाही. स्नायू आकसतात, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे माणूस रजईत बसून राहतो, हालचालच कमी होते. गरम पाण्याने शेक, उठण्यापूर्वी पांघरुणातच घोटे, गुडघे आणि बोटे दहा-पंधरा वेळा हलवणे, घरात मोजे आणि न घसरणाऱ्या चपला, एवढ्यावर सकाळ बरीच सुसह्य होते. तेलाने सांध्याच्या आत वंगण पोचत नाही. मोहरीच्या तेलाचे श्रेय मालिश करणाऱ्या हाताला आणि उबेला द्यावे.

फिरायला पहाटेच जावे, हा सल्ला दिल्लीच्या हिवाळ्यात तर चुकीचाच ठरतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर-धूळ तिथेच साचते. म्हणून पहाटेची हवा बहुधा दिवसातली सर्वांत घाणेरडी, शिवाय सर्वांत थंड आणि धुक्याची असते, त्यात सांधेही त्याच वेळी सर्वांत ताठ. ऊन वर आल्यावर फिरणे केव्हाही शहाणपणाचे. हवेचा निर्देशांक चारशेच्या पुढे, म्हणजे ‘गंभीर’ पट्ट्यात असेल, त्या दिवशी घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या बंद सभागृहात चालावे. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्याही रात्री पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्या-उठल्या वाकून बादली उचलणे टाळलेले बरे.

चालल्याने गुडघे झिजतात, म्हणून ते जपून वापरावेत, हा समज शिकलेल्या घरांतही घट्ट आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला आणि सुटला की स्पंजसारखे द्रव आत-बाहेर होऊन तिचे पोषण होते, आणि हालचाल थांबली की तेही थांबते. शिवाय मांडीचे स्नायू सुकले की सगळा भार हाडांवर येतो. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून काही सेकंद ताठ धरणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, सपाट जागी चालणे हे झिजेवरचे खरे उपचार आहेत आणि बहुतेक गोळ्यांपेक्षा त्यांचा पुरावा भक्कम आहे. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलेच राहिले, तर मात्रा कमी करावी; व्यायाम सोडू नये. सुजलेल्या, गरम झालेल्या सांध्याला मात्र विश्रांतीच हवी. वजनाचा हिशोबही डोळे उघडणारा आहे. १ किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. बोटे मोडल्याने संधिवात होतो, हे मात्र निव्वळ घरगुती भय. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडून पाहिली, दोन्ही हातांत काही फरक पडला नाही आणि २००९ मध्ये त्यांना गमतीचे इग-नोबेल पारितोषिक मिळाले.

उन्हाचा मुद्दा दिल्लीत वेगळाच गुंतलेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एम्सच्या संशोधकांना निरोगी दिल्लीकरांच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी आढळले. त्यात डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. उघड्यावर कवायत करणाऱ्या जवानांची स्थिती त्यातल्या त्यात बरी निघाली. २००२ मध्ये मोरी गेटची प्रदूषित वस्ती आणि तेव्हाचे त्या मानाने स्वच्छ गुडगाव इथल्या लहान मुलांची तुलना झाली. मोरी गेटच्या मुलांत सरासरी पातळी १२, तर गुडगावात २७ नॅनोग्रॅमच्या आसपास होती. धुरकट हवा त्वचेपर्यंत हवी ती किरणेच पोचू देत नाही. कोवळे ऊन अंगाला छान वाटते, पण ड जीवनसत्त्व घडवणारी किरणे साधारण अकरा ते दोनच्या उन्हात जास्त असतात आणि काचा लावलेल्या बाल्कनीत येत नाहीत. कमतरता मोठी असेल तर हाडे दुखतात, जमिनीवरून उठताना मांड्या साथ देत नाहीत, आणि गोळ्यांनी ते सुधारते. मात्र झिजेचा गुडघा ड जीवनसत्त्वाने बरा होत नाही, हे चाचण्यांत दिसले आहे. दर आठवड्याची पुडी स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे घेणे धोक्याचे; त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते.

आहाराबाबत दही, लिंबू, टोमॅटो हे ‘आंबट’ पदार्थ उगाच बदनाम आहेत. युरिक अॅसिडच्या भीतीने डाळी बंद करणारी घरे तर पुष्कळ. युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साचून होणारा गाउट बहुधा पायाच्या अंगठ्यात अचानक भडकतो, आणि नुसता आकडा किंचित वाढलेला असणे म्हणजे गाउट नव्हे. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मांस आणि मासळीने त्याचा धोका वाढला, दुग्धजन्य पदार्थांनी घटला, तर प्युरिन असलेल्या भाज्यांनी वाढला नाही. दारू हे गाउटचे जुने कारण आहेच. डिंकाचे आणि मेथीचे लाडू चवीसाठी खावेत. त्यातले तूप-गूळ वजनात जमा होते. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या २००६ च्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

वेदनाशामकांबद्दल दोन टोकांचे समज आहेत: काही जण त्यांना हातच लावत नाहीत, काही जण रोज फराळासारख्या खातात. दाह उतरवणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांचे मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब बिघडू शकतो. गुडघ्यावर चोळायचे डायक्लोफिनॅकचे मलम त्या मानाने बरेच सुरक्षित. ‘देशी, म्हणून निर्धोक’ अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. दोन दिवसांत चमत्कार वाटतो. पुढे चेहरा सुजणे, साखर चढणे, हाडे ठिसूळ होणे मागे लागते.

शेवटचा समज गुडघा बदलण्याविषयी: ‘या वयात नको, आणि तो दहाच वर्षे टिकतो.’ पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. उजवा २००१ मध्ये बदलला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार पूर्ण बदललेल्या दर १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. खर्चाचा भाग केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये हलका केला. दीड लाखाच्या पुढे जाणाऱ्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. निर्णय मात्र एक्स-रे किंवा वय पाहून होऊ नये. व्यायाम, वजन आणि औषधे यांना काही महिने प्रामाणिक संधी देऊनही रात्रीची झोप आणि रोजचे चालणे हरवले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. नुसती दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन काढण्याची’ शस्त्रक्रिया झिजेत उपयोगाची नाही, हे २००२ मध्ये नकली शस्त्रक्रियेशी तुलना करून दाखवले गेले आहे. गुडघा बदलल्यावर काही महिने व्यायाम न चुकता करावा लागतो आणि मांडी घालून बसणे बहुतेकांना सोडावे लागते. म्हणून घरात कमोड आणि उंच खुर्चीची सोय आधीच केलेली असावी.