विक्रीआधीचे पंधरा दिवस

अक्षय्य तृतीयेला आळे करून वेलभाज्यांचे बी टोकायचे आणि मृगाची चाहूल लागली की रोपे हलवायची, ही आपल्याकडील बागकामाची जुनी घडी. वसंत सरत आलेला असतो, दुपारी ऊन भाजून काढते आणि संध्याकाळी एखादी वळवाची सर सगळी माती भिजवून जाते. हल्ली या दिवसांना आणखी एक निमित्त मिळाले आहे. ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या सुमारास अनेक गृहसंस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ रोपांची विक्री भरवतात. तेथे मांडलेल्या तुळस, अडुळसा, गवती चहा, जास्वंद, मिरची-वांगी यांच्या रोपांमागे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेले हात असतात.

बागकाम मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायलाही तयार आहे. त्याने सांधे हलते राहतात, भूक लागते, झोप बरी येते आणि सकाळी उठण्याला कारण मिळते. तरीही मे महिन्याच्या अखेरीस लचकलेली कंबर, सुजलेले मनगट आणि पायाची चिघळलेली जखम घेऊन बागप्रेमी मंडळी दवाखान्यात येतात. एरवी रोज तासभर बागेत रमणारी व्यक्ती त्या पंधरा दिवसांत पाच-पाच तास राबते. दोनशे पिशव्या भरायच्या असतात, मध्येच पाऊस येतो, विक्रीची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहा. दहा लिटरची भरलेली झारी दहा किलोंहून जड असते. ओल्या मातीची सहा इंची कुंडी दोन किलोंच्या आसपास भरते, म्हणजे सहा कुंड्यांचा एक ट्रे बारा किलोंचा झाला. तो जमिनीवरून वाकून उचलायचा आणि वळून दुसरीकडे ठेवायचा, ही हालचाल ठिसूळ झालेल्या मणक्यांना सोसत नाही. कमरेच्या उंचीचे टेबल आणि पाठीला टेकू असलेली खुर्ची एवढ्या सोयीने निम्मे काम सुखाचे होते. झारी अर्धीच भरावी, ट्रे दोघांनी उचलावा. कंबर धरली तर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून परस्पर घेऊ नयेत. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असेल तर अधिकच.

उकिडवे बसून बराच वेळ रोपे लावल्यावर झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहताना रक्तदाब घसरतो त्याचे हे लक्षण. लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर याची शक्यता वाढते. उठण्याआधी क्षणभर स्टुलावर बसावे, आधार धरून उभे राहावे, मगच पाऊल उचलावे. गच्चीवर पहिल्या पावसाने शेवाळ धरलेले असेल तर ते घासून काढण्याचे काम घरातील तरुणाकडे द्यावे. झिजलेली रबरी चप्पल आणि ओली फरशी यांनी मोडलेली मनगटे आणि खुबे मी बरेच पाहिले आहेत.

आता पायांविषयी थोडे सविस्तर. अनेक वर्षांच्या मधुमेहाने तळपायांची संवेदना बोथट होते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि अनवाणी मातीत उभे राहण्याचे सुख तर आपल्याला सोडवत नाही. म्हणून बंद बूट घालावेत, संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा चालतो. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. आपला राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, त्यामुळे आज साठी ओलांडलेल्या अनेकांचे बालपण त्याआधीच संपले होते. स्त्रियांपैकी बऱ्याचजणींना निदान गरोदरपणी इंजेक्शने मिळाली. पुरुषांना तीही संधी नव्हती. मूळ मात्रा पूर्ण झालेल्यांना दर १० वर्षांनी एक वर्धक मात्रा पुरते. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा एक घ्यावी लागते. दर सहा महिन्यांनी ‘टीटी मारून घेण्याची’ जुनी सवय मात्र अनावश्यक आहे. लहानपणी लस मिळाली की नाही हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टरांशी बोलून मूळ मात्रांचा क्रम सुरू करावा.

विक्रीसाठी मांडलेल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते. त्याची अंडी कोरड्या भांड्यालाही चिकटून तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या नुसत्या उपड्या न करता घासाव्यात. शेर किंवा पॉइनसेटिया छाटताना चीक डोळ्यांत गेला तर डोळा चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. उरलेले कीटकनाशक शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याचा प्रकार तर कृपा करून बंद करा. विस्मरणाचा त्रास असलेली व्यक्ती किंवा नातवंडे घरात असतील, तर याहून मोठा धोका दुसरा नाही.

आता काळजी घेणाऱ्यांशी चार शब्द. “बाबा, आता बाग पुरे” असे फर्मान काढले, तर बाबा पहाटे साडेपाचला कोणी उठण्याआधी गच्चीवर जाणार, आणि पडले तर ते कोणाला कळणारही नाही. पडल्याची, खरचटल्याची गोष्ट ज्येष्ठ मंडळी लपवतात त्यामागे बहुतेक वेळा बाग बंद होण्याची हीच भीती असते. माती कालवणे, पोती हलवणे आपण घ्या. बी निवडणे, कलम बांधणे, चिठ्ठ्या लिहिणे, गिऱ्हाइकाला रोपाची माहिती देणे त्यांच्याकडे राहू द्या. ज्ञान त्यांचे आहे, विक्रीही त्यांचीच दिसली पाहिजे.

विक्रीच्या दिवशी न्याहारी आणि जेवण नेहमीच्या वेळी झालेच पाहिजे. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम खाली येते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडाने काहीही देऊ नये, रुग्णालय गाठावे. स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी पिणे टाळणाऱ्या आजी प्रत्येक विक्रीत भेटतात. जागा ठरवतानाच ही सोय पाहून ठेवावी. लघवीची गोळी त्या दिवशी उशिरा घ्यावी का, हे आदल्या आठवड्यात विचारून घ्यावे. आपल्या मनाने ती गाळू नये.

रोपे संपली, टेबले आवरली, तरी पुढचे दोन-तीन आठवडे एक गोष्ट ध्यानात असू द्या. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या ओल्या मातीतून, पायाच्या लहानशा भेगेवाटे लेप्टोस्पायरोसिस शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे बऱ्याचदा साध्या तापासारखी वाटतात, पण वेळीच सुरू केलेली प्रतिजैविके चांगली लागू पडतात. असा ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘मी भिजलेल्या मातीत काम करत होतो’ हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.