शतकाचे वननियोजन : विज्ञान, वनशास्त्र आणि कला

शेतकऱ्याला आपल्या निर्णयाचे फळ बहुधा त्याच वर्षी दिसते. रोप लावणाऱ्या वनाधिकाऱ्याच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. उत्तर युरोपातील स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष तोडणीयोग्य होण्यास कित्येकदा ऐंशी ते शंभर वर्षे लागतात. म्हणजे वननियोजन हा स्वभावतःच पुढील तीनचार पिढ्यांच्या वतीने घेतलेला निर्णय असतो. असा निर्णय दोन प्रकारच्या अनिश्चिततेने ग्रासलेला असतो. निसर्ग कसा वागेल ही पहिली, आणि माणसे आपला शब्द पाळतील की नाही ही दुसरी. पहिलीचा विचार विज्ञान करते. दुसरीचा विचार मात्र नियोजनाच्या ग्रंथांत फारसा आढळत नाही. ह्या ठिकाणी कलेचा वननियोजनाशी काय संबंध पोहोचतो, हे दोन उदाहरणांच्या साहाय्याने पाहावयाचे आहे.

प्रथम परंपरागत विचाराची रूपरेषा ध्यानात घेतली पाहिजे. सॅक्सनीतील खाणींचा प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ ह्याने १७१३ साली आपल्या ग्रंथात असा विचार मांडला, की वनाचा वापर असा असावा की त्याचे उत्पन्न अखंड टिकून राहील. जर्मन वनशास्त्राचा हा पायाच होय. भारताचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून १८६४ साली नियुक्त झालेले डीट्रिख ब्रांडिस हेही मूळचे जर्मन. आपल्याकडील वन विभागाच्या कार्य आयोजनांमागे ह्याच विचारसरणीचा वारसा आहे.

ह्या विचाराला गणिताची जोड मार्टिन फाउस्टमान ह्याने १८४९ साली दिली. त्याच्या पद्धतीत भविष्यातील उत्पन्न व खर्च व्याजदराने आजच्या मूल्यात उतरवून जमिनीची किंमत काढली जाते. पद्धत निर्दोष आहे. पण तिचा परिणाम पाहण्यासारखा आहे. शंभर वर्षांनंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांचे आजचे मूल्य तीन टक्के दराने सुमारे ५,२०० रुपये भरते, आणि पाच टक्के दराने अवघे ७६० रुपये. दर दोन टक्क्यांनी वाढला की दूरचे भविष्य जवळजवळ नाहीसे होते. सारांश, केवळ हिशेबाच्या आधारे शंभर वर्षे वन राखण्याची प्रेरणा टिकणे कठीण आहे.

आता पहिले उदाहरण. ऑस्लो शहरालगतच्या नूर्डमार्का अरण्यात २०१४ साली स्कॉटिश कलावंत केटी पॅटरसन ह्यांच्या कल्पनेनुसार स्प्रूसची एक हजार रोपे लावण्यात आली. दर वर्षी एका लेखकाने एक अप्रकाशित हस्तलिखित द्यावयाचे, ते कोणी वाचावयाचे नाही, आणि २११४ साली ह्याच झाडांच्या कागदावर सर्व हस्तलिखिते छापावयाची, अशी ही ‘भावी ग्रंथालया’ची योजना आहे. पहिले हस्तलिखित मार्गारेट ॲटवुड ह्यांचे. २०१८ सालासाठी हान कांग ह्यांची निवड झाली. लागवडीची जागा मोकळी करताना तोडलेल्या झाडांचे लाकूड वापरून शहराच्या मुख्य ग्रंथालयात हस्तलिखितांसाठी एक दालन बांधले गेले व ते २०२२ साली खुले झाले. त्याच वर्षी ऑस्लो शहराने हे वन व हस्तलिखिते शंभर वर्षे जपण्याचा करार केला.

येथे कलेने केले काय? तिने एका हजार झाडांच्या लाकडाला बाजारभावापलीकडचे प्रयोजन दिले. झाडे मुदतीपूर्वी विकणे हा आता केवळ आर्थिक निर्णय राहत नाही. तो लेखकांशी आणि अद्याप न जन्मलेल्या वाचकांशी केलेल्या कराराचा भंग ठरतो. हस्तलिखित अरण्यात समारंभपूर्वक सुपूर्द केले जाते, त्यामुळे ह्या वचनाची आठवणही वेळोवेळी जागती राहते.

तथापि वचन कितीही दृढ असले, तरी वृक्ष त्याने बांधलेला नाही. स्प्रूसची मुळे उथळ असतात व अवर्षण त्याला सोसत नाही. पाण्याच्या अभावी राळेचे संरक्षण दुर्बळ झाले की सालीखालचा थर पोखरणारा भुंगेरा झाडावर मात करतो. उष्ण वर्षी ह्या कीटकाच्या अधिक पिढ्या निपजतात. २०१८ च्या अवर्षणानंतर मध्य युरोपातील स्प्रूसची विस्तीर्ण वने अशा रीतीने नष्ट झाली. ह्या भुंगेऱ्याने कोरलेल्या समांतर रेषा छापील मजकुरासारख्या दिसतात; म्हणून लिनीअसने १७५८ साली त्याला ‘टायपोग्राफस’, म्हणजे मुद्रक, हे नाव दिले. ज्या झाडांवर ग्रंथ छापावयाचे, त्यांचा शत्रूच मुद्रक असावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे ही विज्ञानाच्या दृष्टीने एकाच आशेवर ठेवलेली सर्व पुंजी होय.

दुसरे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. जर्मनीतील कासेल शहरात योझेफ बॉइस ह्यांनी १९८२ साली ‘सात हजार ओक’ ह्या कार्याचा आरंभ केला. प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक स्तंभ रोवावयाचा, असा नियम होता. बॉइस १९८६ साली निवर्तले. १९८७ साली त्यांच्या पुत्राने शेवटचे झाड लावले. नाव ओकचे असले तरी लिंडेन, ॲश, मेपल इत्यादी जातीही तेथे लावल्या गेल्या. त्यामुळे एखादी जात रोगाने गेली तरी सर्व कार्य लयास जात नाही. शिवाय झाड मेले तरी स्तंभ उभाच राहतो, आणि रिकाम्या जागेची जाणीव करून देतो. येथे वचन विशिष्ट झाडाशी नसून झाडाच्या जागेशी आहे.

ह्या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणत्या जाती पुढील हवामानात तग धरतील, हे विज्ञानाने संभाव्यतेच्या भाषेत सांगावे. मिश्र लागवड, विरळणी व पुनर्लागवड ह्यांच्या द्वारा त्या ज्ञानाला भूमीवर रूप देणे हे वनशास्त्राचे काम. आणि हे सर्व ज्यासाठी करावयाचे ते प्रयोजन पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात टिकविणे हे कलेचे काम. तिला शोभेची जोड मानणे चुकीचे ठरेल. पण तिचे वचनही असे असले पाहिजे, की झाडे बदलली तरी ते मोडू नये. ऑस्लोच्या विश्वस्तांपुढे उद्या हाच प्रश्न उभा राहू शकतो : स्प्रूस टिकला नाही, तर दुसऱ्या जातीच्या कागदावर तो करार पुरा होईल काय? ह्याचे उत्तर आज, झाडे कोवळी असतानाच, ठरविणे श्रेयस्कर.