रिकामी आहेस का गं?

सकाळी लेक शाळेला गेली, की आमच्या जेवणाच्या टेबलाचं ऑफिस होतं. एका बाजूला लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम मी आमच्या तालुक्याच्या गावातून, घरी बसून, रोज चार तास करते. शाळांच्या फीचा हिशेब ठेवणारं एक जुनं ॲप आहे, त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करायच्या. मध्ये नऊ वर्षं घरीच होते, त्यामुळे आधीच धाकधूक.

या कामात एक ओळ बदलली, की ती बरोबर चालते का याची चाचणी घ्यायची. चाचणी घेताना ॲप दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. आमचं ॲप सुरू व्हायला बावीस सेकंद लागायचे. मी मोबाइल लावून मोजले होते.

तुम्ही म्हणाल, बावीस सेकंद म्हणजे काय हो? तेवढ्यात कुकरची शिट्टीसुद्धा होत नाही. खरंय. पण तेवढा वेळ मी पडद्याकडे बघत नुसती बसलेली दिसते. आणि घरातली बाई नुसती बसलेली दिसली, की आतून हाक येतेच. ‘अगं, रिकामी आहेस का? जरा दूध बघ गं.’

सासूबाईंना दोष देत नाही. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांच्या दृष्टीने मी रिकामीच असते. दूध बघायला उठावं, तर दारात इस्त्रीवाला. त्याचे पैसे देऊन परत येईपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. मग आपण नेमकी कुठली ओळ बदलली, कशासाठी, ते पुन्हा आठवत बसायचं. दिवसाची कामं रात्री अकरानंतर सरकायला लागली. कंपनीतून विचारणा झाली, अगदी सभ्य शब्दांत, पण झाली. मला वाटलं, मीच मंद झालेय.

हे म्हणाले, ‘नवा लॅपटॉप घे.’ पोस्टातली आरडी मोडायची ठरली. लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी साठवत होते ती. फॉर्मसुद्धा आणून ठेवला.

त्याच आठवड्यात ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा पडदा टीममधल्या एका मुलीला दिसत होता. वयाने दहा वर्षांनी लहान. ती म्हणाली, ‘ताई, एवढा वेळ? यात बूटस्नॅप टाकलेलं नाहीये का?’

मी नावही ऐकलं नव्हतं. आमचं ॲप रुबी भाषेत, रेल्स वापरून लिहिलेलं आहे. रेल्सच्या ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, नव्या ॲपमध्ये बूटस्नॅप आपोआप येतं. आमचं त्याआधीचं, म्हणून राहून गेलेलं. कॅनडातल्या शॉपिफाय कंपनीने ते २०१७ मध्ये स्वतःच्या भल्यामोठ्या ॲपसाठी तयार केलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. पैसे नाहीत, आणि आतलं लिखाण कुणीही वाचावं. त्यांचं ॲप सुरू व्हायला पंचवीस सेकंद लागायचे, ते साडेसहावर आले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

ते करतं काय, ते मला स्वयंपाकघरातूनच समजलं. समजा, फडताळाला तीनशे कप्पे आहेत आणि हिंग हवाय. पहिला कप्पा उघडला, नाही. दुसरा, नाही. असं करत दोनशे चाळिसाव्यात सापडला. मग मोहरीसाठी पुन्हा पहिल्यापासून! रुबी अगदी असंच करते, हजारो फाइलींसाठी, ॲप सुरू होताना दर वेळी. बूटस्नॅप कुठल्या कप्प्यात काय आहे याची यादी करून ठेवतं. बाहेरून आणलेल्या तयार सामानाचे कप्पे सहसा बदलत नाहीत, त्यांची नोंद कायमची. आपला रोज हात लागतो ते कप्पे मात्र ते पुन्हा पुन्हा बघून घेतं.

दुसरं काम मला जास्त आवडलं. आपण लिहिलेली फाइल माणसाला वाचता येते, पण चालवण्याआधी रुबीला ती आपल्या सूचनांमध्ये बदलून घ्यावी लागते. म्हणजे इडलीसाठी रोज डाळ-तांदूळ भिजवून वाटणं. बूटस्नॅप वाटलेलं पीठ जपून ठेवतं, यालाच कॅशे म्हणतात. मूळ फाइल शेवटची कधी बदलली तेही ते बघतं. बदलली असेल, तर तेवढ्याच फाइलचं पीठ नव्याने. शिळं वाढत नाही.

यादीत एक ओळ, सुरुवातीच्या फाइलमध्ये दुसरी. झालं. मी ॲप सुरू केलं, तर बावीसच्या जागी चोवीस सेकंद! अशी चिडले म्हणता... ती मुलगी हसून म्हणाली, ‘ताई, पहिल्यांदा पीठ वाटायला वेळ लागणारच. परत चालवा.’ परत चालवलं. आठ सेकंद.

हिशेब केला, तर दिवसातून चाळीस वेळा चौदा सेकंद, म्हणजे साडेनऊ मिनिटंही नाहीत. एवढ्यासाठी कोण लेख लिहितं? पण आठ सेकंदांत माझी नजर पडद्यावरून हलत नाही, हात कीबोर्डवरून उठत नाही. बघणाऱ्याला मी कामात दिसते. हाका थांबल्या नाहीत, पण आता आधी ‘झालं की सांग हं’ असं येतं. रात्रीचं काम महिन्याभरात जवळजवळ बंद झालं. पोस्टाचा फॉर्म लेकीने मागच्या बाजूला चित्र काढून संपवला.

एक खोड मात्र आहे. बूटस्नॅप स्वतःचा पसारा स्वतः आवरत नाही. जुनी पिठं तशीच साचत जातात आणि तो फोल्डर फुगतो. म्हणून महिन्यातून एका शनिवारी, फ्रीज पुसते त्याच दिवशी, मी तोही रिकामा करते. त्यानंतर पहिल्यांदा ॲप सुरू व्हायला पुन्हा वीस-बावीस सेकंद लागतात. त्या दिवशी हाक यायच्या आतच मी उठून दूध बघून येते.